रेंज जाण्याआधीचा निरोप

‘शनिवारी रात्री कसारा लोकल, मागून तिसरा डबा. घाटकोपर आणि मुलुंडकरांनी त्याच डब्यात चढायचं, बाकीचे कल्याणला. दोन लिटर पाणी, बॅटरी, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत. कोरे बूट घालून येऊ नये. सोमवारी सकाळी कामावर पोचायलाच हवं असेल, त्यांनी या वेळी नाव देऊ नये.’

मुलुंडमधल्या एका डोंगरभटक्या संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पावसाळ्यात आलेला हा निरोप. यातली शेवटची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. घाटमाथ्यावर पाऊस वाढला की उतरताना मधला ओढा फुगतो. अशा वेळी शहाणपणाचं काम एकच, पाणी उतरेपर्यंत थांबणं. मग रात्र गावात काढावी लागली तरी चालेल. पण तुकडीत एकाला जरी सोमवारी हजेरी लावायची असेल, तर तो ‘एवढं काही नाही पाणी, जाऊ या’ म्हणतो आणि त्याच्यामागे आणखी दोघं म्हणतात. अपघाताची सुरुवात अशीही होते. हा निरोप लिहिणाऱ्या लीडरने ती शक्यता चार दिवस आधी, घरी बसून, एका ओळीत बाजूला काढली होती.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘नवे कट्टे’ असा विषय दिला, तेव्हा मी उपनगरांतल्या ट्रेकिंगच्या संस्थांकडे वळलो. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी इथे अशा लहानमोठ्या संस्था पुष्कळ. नोकरी सांभाळून, पदरचे पैसे घालून, शनिवार-रविवार डोंगरात काढणारी ही माणसं. आठवड्याचे पाच दिवस त्यांची संस्था फोनच्या पडद्यावर असते आणि ज्या दिवशी ती खऱ्या अर्थाने एकत्र येते, त्या दिवशी फोन बहुधा चालत नाही. इतर कुठल्या छंदाच्या मंडळात हा पेच इतका टोकाचा नसेल. म्हणून त्यांचे निरोप वाचायला, ते लिहिणाऱ्यांशी बोलायला आणि त्यांच्याबरोबर थोडं चालायला गेलो.

इंडिकेटरखाली भेटू

मुंबईतली संघटित डोंगरभटकंती जुनी आहे. ‘गिरिविहार’ची स्थापना 1954 ची. त्यानंतर मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या कडेने संस्था उगवत गेल्या, कारण भटकंतीचा नकाशा रेल्वेनेच आखला होता. कसाऱ्याला उतरलं की रतनगड, कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग. कर्जतला उतरलं की कोथळीगड, ढाक, खांडसमार्गे भीमाशंकर. आसनगावला माहुली. बोरिवलीकरांना वैतरणेपलीकडे तांदुळवाडी, काळदुर्ग, अशेरी. रात्रीची शेवटची लोकल हे या छंदाचं अधिकृत वाहन.

त्या काळी ट्रेकची बातमी वर्तमानपत्रातल्या दोन ओळींच्या निवेदनातून कळायची. सभासदांना पोस्टकार्डं जायची. बाकी सगळं साप्ताहिक बैठकीत ठरायचं: शाळेचा एखादा वर्ग, नाहीतर कुणाच्या तरी घरातली बाहेरची खोली. ‘इंडिकेटरखाली भेटू’ म्हटलं की भेटायचं. एकदा घर सोडलं की बदल कळवायची सोय नव्हती, म्हणून ठरलेलं पाळलं जायचं.

मला सगळ्यांत जास्त ऐकायला मिळालं ते या बैठकीबद्दल. साठीतले एक काका सांगत होते, ‘पोरगा जिना चढून वर आला की आम्हाला कळायचं. धाप लागली का, बूट कसे आहेत, दुसरा बोलताना ऐकतो का. फॉर्म भरून घ्यायची गरजच नव्हती.’ नवख्याला पहिले दोन-तीन आठवडे नुसतं बसवून ठेवायचे. टोपोशीट पसरलेली असायची, शेजारी आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’. कुठल्या नाळेतून उतरायचं, पाणी कुठे, कातळटप्पा कुठे, यावर वाद चालायचे आणि ते ऐकता ऐकता नवखा शिकायचा. निरोप पोचवणं आणि माणूस पारखणं ही दोन कामं एकाच खोलीत, एकाच वेळी होत होती.

पुढे ई-मेल आलं, याहू ग्रुप आले, ऑर्कुट आलं, मग फेसबुक आणि व्हॉट्सअॅप. निरोप पोचवण्याचं काम खोलीतून बाहेर पडलं. पारखण्याचं काम आपोआप बाहेर पडलं नाही. ते कुठे आणि कसं करायचं, हे प्रत्येक संस्थेला नव्याने शोधावं लागलं आणि अजूनही लागतं आहे.

यादीत नाव

ग्रुपवर ट्रेक जाहीर झाला की पहिली झुंबड यादीची. लीडर ‘1.’ लिहून स्वतःचं नाव टाकतो. दुसरा तो संदेश उचलून खाली ‘2.’ लिहितो, तिसरा ‘3.’. दोघांनी एकाच क्षणी आधीची यादी उचलली की दोघेही सातवे होतात आणि पुढचा माणूस त्यातली एकच यादी पुढे नेतो. एक नाव गळतं. ज्याचं गळलं त्याला वाटतं आपण यादीत आहोत. तो सॅक भरून रात्री फलाटावर हजर, आणि जीपमधल्या जागा मोजलेल्या. हा प्रकार मी ज्यांच्याशी बोललो त्या प्रत्येक संस्थेत घडलेला आहे.

म्हणून आता बहुतेक ठिकाणी फॉर्म आला. नाव, वय, रक्तगट, औषधं, घरच्यांचा क्रमांक, आधी केलेले ट्रेक. पैसे यूपीआयवर. ग्रुपही दोन झाले. एक नुसत्या सूचनांचा, तिथे अॅडमिनच लिहू शकतात. व्हॉट्सअॅपने ही सोय 2018 मध्ये दिली आणि अनेक लीडरांना हायसं वाटलं, कारण तोवर ‘भेटण्याची वेळ बदलली आहे’ हा संदेश वाढदिवसाच्या पन्नास शुभेच्छांखाली गाडला जायचा. दुसरा ग्रुप गप्पांचा: फोटो, जुन्या ट्रेकच्या आठवणी, कुणाच्या बुटाचा तळवा निघाला त्याची चर्चा.

ग्रुपमध्ये किती माणसं मावतात, त्यानेही संस्थांचं रूप बदललं. आधी शंभर, 2016 मध्ये 256, मग 2022 मध्ये आधी 512 आणि वर्ष सरता सरता 1024. बैठकीच्या खोलीत तीस माणसं मावायची आणि ती तीसही एकमेकांना ओळखायची. हजाराच्या ग्रुपमध्ये लीडर शे-दीडशे चेहरे ओळखत असेल. बाकीचे कुणाच्या तरी दुव्यावरून आत आलेले.

इथे मला जुन्या आणि विचारी संस्थांचं एक वैशिष्ट्य दिसलं. त्या हे साधन उलट्या दिशेने वापरतात. सूचना सगळ्यांना जाते, नाव कुणीही देतं, आणि मग लीडर प्रत्येक नवख्याला फोन करतो. संदेश नाही, फोनच. मुलुंडच्या संस्थेतल्या एका ताई हे काम करतात. दिवसभर बँकेत नोकरी, रात्री जेवणं आटोपल्यावर हे फोन. एका मुलाशी झालेलं त्यांचं बोलणं मी शेजारी बसून ऐकलं.

‘आधी कुठे गेला आहेस?’

‘कळसूबाई केलंय, ताई.’

‘कधी? आणि कुणाबरोबर?’

‘ऑफिसचे मित्र. डिसेंबरमध्ये.’

‘पावसात?’

‘नाही.’

‘उतरताना गुडघे दुखले?’

मुलगा थांबला. मग म्हणाला, ‘दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नव्हता.’

ताईंनी त्याला या वेळी नाही म्हटलं आणि पुढच्या रविवारी सकाळी येऊरला नवख्यांच्या चालीसाठी बोलावलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, ‘फॉर्ममध्ये त्याने फिटनेस उत्तम लिहिलंय. खोटं नाही लिहिलं, त्याला तसं वाटतं. विचारल्याशिवाय कळत नाही.’

नाही म्हणण्याची ही ताकद हा छंदमंडळ आणि धंदा यांतला खरा फरक आहे, असं माझं मत झालं आहे. इन्स्टाग्रामवर सुंदर चित्रफीत टाकून, माणशी दर लावून, पन्नास-पन्नासच्या बसगाड्या नेणारे आयोजक आता उपनगरांत भरपूर आहेत. त्यांतले काही जबाबदारीने काम करतात. राज्य सरकारने 2018 मध्ये साहसी उपक्रमांसाठी शासननिर्णय काढला, 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि नोंदणीची चौकट आखली. पण बस भरणं हेच ज्याचं उत्पन्न आहे, त्याला गुडघ्याचा प्रश्न विचारणं जड जातं. मंडळाला ते परवडतं.

मे महिन्यातली रेघ

कागदी नकाशाची जागा आता जीपीएक्स फाइलने घेतली. एकजण चालताना फोनवर वाट नोंदवतो, ती फाइल ग्रुपवर टाकतो आणि दुसरा ती आपल्या फोनमधल्या नकाशावर उघडतो. वाट रंगीत रेघेसारखी दिसते. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर त्यासाठी रेंज लागत नाही, जीपीएस उपग्रहांवर चालतं. धुक्यात फसलेल्या तुकडीला या रेघेने वाट सापडल्याची उदाहरणं आहेत आणि तिचं महत्त्व मी कमी लेखत नाही.

अडचण अशी की रेघेवर ऋतू लिहिलेला नसतो. मे महिन्यात कुणी कोरड्या घळीतून चढला, त्याची फाइल जुलैत फिरते. रेघ तीच, आणि घळीत आता धबधबा. शिवाय सह्याद्रीत कारवी आहे. सात-आठ वर्षांनी ती एकदा फुलते, संजय गांधी उद्यानात आणि येऊरच्या बाजूला 2016 ला फुलली, मग 2024 ला. फुलून मरण्याआधीच्या वर्षांत ती उंच आणि दाट होते, माणूस बुडेल इतकी. तेव्हा पायवाट पडद्यावर दिसते, पायाखाली दिसत नाही.

बोरिवलीच्या एका लीडरने यावर साधा नियम केला आहे. फाइलबरोबर तीन गोष्टी लिहिल्याशिवाय ती ग्रुपवर टाकायची नाही: कुठला महिना, किती जण, आणि वाट कुठे चुकली. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं, असं तो म्हणतो. तुकडी चुकून एखाद्या सोंडेवर गेली, कड्याच्या टोकाशी पोचली आणि परत फिरली, तर रेघेत तो फाटाही असतो. घरी येऊन बरेचजण तो पुसतात, रेघ नीटनेटकी दिसावी म्हणून. त्याच्या ग्रुपवर तो पुसायला मनाई आहे. मागून येणाऱ्याला त्या फाट्याची माहिती वाटेइतकीच लागते.

पायथ्याचा मामा

संस्थेच्या संपर्कजाळ्यातला सगळ्यांत भरवशाचा माणूस संस्थेचा सभासद नसतो. तो पायथ्याच्या गावात राहतो. त्याच्याकडे मुक्काम, त्याच्याकडे पिठलं-भाकरी, गरज पडली तर वाटाड्या म्हणून त्याचाच भाऊ किंवा मुलगा. लीडरच्या फोनमध्ये अशी नावं गावासकट साठवलेली असतात, मामा किंवा दादा जोडून.

शुक्रवारी संध्याकाळी लीडर हवामान खात्याचा इशारा बघतो आणि मग मामाला फोन लावतो. हवामान खातं जिल्ह्याचा रंग सांगतं, मामा ओढ्याचं पाणी सांगतो. गावात रेंज नसेल तर मामाचा मुलगा टेकाडावर जाऊन परत फोन करतो, म्हणून उत्तर कधी कधी तासाभराने येतं. मी ऐकलेल्या एका फोनवर मामा म्हणाले, ‘या की, पण पोरीबाळी आणि नवखे आणू नका. खालच्या वाटेला दरड आलीय.’ लीडरने तिथल्या तिथे ट्रेक बदलला. पोरीबाळींबद्दलचं त्यांचं म्हणणं मात्र त्याने मनावर घेतलं नाही. त्याच्या तुकडीत दोर लावण्यात सगळ्यांत तरबेज एक मुलगीच आहे.

गावांतली तरुण मुलंही आता स्वतः व्हॉट्सअॅपवर आहेत. काजव्यांच्या दिवसांत, रानफुलांच्या दिवसांत त्यांच्या स्टेटसवर फोटो असतात आणि जेवणा-राहण्याचे दर असतात. मधला आयोजक टाळून मुंबईकर थेट त्यांच्याकडे जाऊ लागले आहेत. गावात पैसा राहण्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट घडते आहे.

एक टिक

आता या लेखाच्या मुख्य भागाकडे येतो. पायथा सुटला, पहिली खिंड ओलांडली की फोनवरच्या रेघा एकेक करून जातात. रेंज शोधत राहणारा फोन बॅटरी भराभर खातो, म्हणून लीडर सगळ्यांना विमान-मोड लावायला सांगतो. घरी बसलेल्या आईला त्यानंतर फक्त एक टिक दिसते. संदेश गेला, पोचला नाही. ती टिक बघत घरं कशी ताटकळतात, हे ट्रेकरांच्या घरच्यांनाच विचारावं.

म्हणून चांगल्या संस्थेत रेंज जाण्याआधीचा निरोप ठरलेल्या साच्यात लिहिला जातो. तो मी वाचला. माणसं किती, चढायची वाट कुठली, उतरायची कुठली, गावातल्या माणसाचा क्रमांक, परत रेंजमध्ये यायची अंदाजे वेळ आणि त्याखाली आणखी एक वेळ, अंदाजाच्या चारेक तास पुढची. तिथपर्यंत काही कळलं नाही तर मुंबईत थांबलेल्या माणसाने हालचाल करायची, त्याआधी नाही. या थांबलेल्या माणसाला बोरिवलीत ‘घरचा लीडर’ म्हणतात. तो ट्रेकला गेलेला नसतो, पण त्याचा रविवार बांधलेला असतो. घरच्यांचे फोन त्याच्याकडे येतात, तुकडीकडे नाही. संध्याकाळपर्यंत त्याने काहीच करायचं नसतं आणि ते ‘काहीच न करणं’ जमायला अनुभव लागतो. एका घाबरलेल्या नातेवाइकाने ‘संपर्क होत नाही’ असा संदेश चार ग्रुपांवर टाकला, तर रात्रीपर्यंत तो ‘बेपत्ता’ होऊन फिरतो.

खरा प्रसंग आलाच तर काय करायचं, हेही नवख्यांना येऊरच्या चालीत शिकवतात. व्हॉट्सअॅप जात नसेल तिथे साधा एसएमएस जाऊ शकतो, त्याला फार कमी रेंज पुरते. 112 ला स्वतःच्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्याचा चालतो. जागेचे अक्षांश-रेखांश फोनमधून कसे वाचायचे. आणि गळ्यात शिट्टी: मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं. शिट्टीला बॅटरी लागत नाही.

पुढची साखळी स्वयंसेवकांची. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वरचे ट्रेकर्स अशा संस्था आपापल्या भागात बचावासाठी उतरतात आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर कोण कुठून लवकर पोचेल ते जुळवतं. खोपोलीत ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ हा गट तर व्हॉट्सअॅपच्या आधारानेच द्रुतगती मार्गावरच्या अपघातांसाठी उभा राहिला. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. वाचलेला एक माणूस दरी चढून रस्त्यावर आला, त्याने सांगितलं तेव्हा जगाला कळलं. त्यानंतर दोर घेऊन खाली उतरले ते डोंगरात फिरणारे हेच लोक. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. इर्शाळगडाच्या वाटा पाठ असलेले ट्रेकर त्या पावसात, बॅटरीच्या उजेडात वर गेले. एरवी रविवारच्या जीपची चौकशी चालते त्याच ग्रुपांवर त्या रात्री फावडी, दोर आणि माणसं यांची मागणी फिरत होती.

न सांगितलेली जागा

गप्पांच्या ग्रुपवर सध्या सगळ्यांत तापलेला वाद आहे तो जागेचं नाव लिहावं की नाही याचा. जुलै 2024 मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी मुंबईहून गेलेली, रील्ससाठी ओळखली जाणारी एक तरुणी दरीत कोसळली. बचावपथकांनी दोरांच्या साहाय्याने तिला वर काढलं, पण ती वाचली नाही. त्याआधी थोडेच दिवस, 30 जूनला, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं होतं. मग बंदीचे आदेश निघाले, नाक्यांवर पोलीस उभे राहिले.

त्यानंतर मुलुंडच्या संस्थेत काहींनी ठरवलं की फोटो टाकायचा, जागा लिहायची नाही. ‘सह्याद्रीतली एक घळ’ एवढंच. दुसरा पक्ष म्हणतो की हे आपल्या स्वभावाविरुद्ध आहे. आपल्याला वाट सांगणारे होते म्हणून आपण इथवर आलो. एका तरुणाने ग्रुपवर विचारलं, ‘काका, तुम्ही पुस्तकात वाचून गेलात ना? मग आम्ही फोटो बघून गेलो तर काय बिघडलं?’ काकांचं उत्तर लांबलचक होतं. त्याचा सारांश असा: पुस्तकात जागेबरोबर वाटही होती, पाणी कुठे ते होतं, धोका कुठे ते होतं, फोटोत नुसती जागा असते.

मला काकांचं पटतं, पण लपवण्याने प्रश्न सुटेल असं वाटत नाही. फोटोतल्या सुळक्याच्या आकारावरून जागा ओळखणारे शेकड्याने आहेत. नाव लिहावं आणि त्याखाली सुरुवातीला दिलेल्या निरोपातल्यासारख्या ओळी लिहाव्यात, ज्या वाचून दहातले सहा जण आपणहून थांबतील.

असं लिहिलेलं टिकवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. दरवर्षी पावसाळ्यात मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात गिरिमित्र संमेलन भरतं. 2002 पासूनची ही परंपरा. राज्यभरचे गिर्यारोहक तिथे समोरासमोर भेटतात. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात जे बोलणं होतं, त्यासाठी माणसं लांबून येतात. तिथे एका जुन्या सभासदाने मला सांगितलं की त्यांच्या ग्रुपची आठ-दहा वर्षांची ट्रेकवर्णनं, नकाशे, वाटांच्या चर्चा याहू ग्रुपवर होत्या. 2020 च्या डिसेंबरात याहूने ती सेवा कायमची बंद केली. त्याआधी ऑर्कुट 2014 मध्ये गेलं होतं. सत्तरच्या दशकातल्या हातांनी काढलेल्या चक्रमुद्रित अंकांची बाडं मात्र त्यांच्या माळ्यावर शाबूत आहेत. आता ही संस्था दर ट्रेकचा अहवाल दोन पानांत छापून एका फायलीत लावते: तारीख, माणसं, वाट, पाणी, चूक, खर्च, गावातल्या माणसाचं नाव. अहवाल आल्याशिवाय त्या लीडरला पुढचा ट्रेक मिळत नाही. मी विचारलं तेव्हा दोघांचे अहवाल यायचे बाकी होते आणि सूचनांच्या ग्रुपवर त्या दोघांची नावं लिहिलेली होती.